कागदावरची रायफल आणि जंगलातली रायफल : तुलना करायची तर कशी?

होस्टेलवर जेवणं आटोपली की दोन वाद हमखास रंगतात. पहिला कॉम्प्युटरवरच्या खेळांचा : कोणतं अंतराळयान भारी, कोणाची तोफ जोरदार, कोण कोणाला उडवेल. दुसरा वाद चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलांना तर अगदीच ओळखीचा आहे, कारण पोलीस भरतीची तयारी करणारा एखादा मित्र प्रत्येकाला असतोच. तो वाद म्हणजे, इन्सास चांगली की एके?

दोन्ही वाद नीट ऐकून बघा. चालतात अगदी एकाच पद्धतीनं. एक तक्ता मनात धरलेला असतो. त्यात वजन, पल्ला, वेग, मिनिटाला किती गोळ्या असे रकाने असतात. ज्याचे आकडे मोठे, तो जिंकला. आणि रात्री बारा वाजता सगळे झोपायला जातात तेव्हा प्रत्येकाचं मत संध्याकाळी होतं तेच असतं.

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी हा वाद फार कामाचा आहे. कारण तुमच्यापैकी बरेच जण आपल्या संशोधन आराखड्यात 'तुलनात्मक अभ्यास' हा शब्द लिहिणार आहात. दोन योजनांची तुलना, दोन जिल्ह्यांची तुलना, दोन हत्यारांची तुलना. आणि मार्गदर्शक पहिलाच प्रश्न विचारणार : तुलना कशाच्या आधारावर? तेव्हा गडबड होते. म्हणून आज रायफलीच्या इतिहासातून तुलनेची रीत समजून घेऊ. मुद्दा एकच सांगायचा आहे : 'कोणतं चांगलं?' हा संशोधनाचा प्रश्न नाही. 'कोणाच्या हातात, कुठे, कशाच्या जोरावर आणि कोणत्या कामासाठी?' असं विचारलं की तो संशोधनाचा होतो. आणि बहुतेक वेळा निकाल लावणारा रकाना तक्त्यात नसतोच.

आधी खेळातली यानं

'ईव्ह ऑनलाइन' नावाचा खेळ आहे. आइसलंडच्या सीसीपी या कंपनीनं तो २००३मध्ये आणला. जगभरातले खेळाडू एकाच अवकाशात खेळतात, यानं बांधतात, विकत घेतात, लढतात. यान फुटलं की ते गेलं. पुन्हा हवं असेल तर पुन्हा पैसे मोजा. त्यामुळे कोणतं यान घ्यावं यावर तिथे वर्षानुवर्षं काथ्याकूट चाललेला आहे.

नवा खेळाडू काय करतो? सेकंदाला किती नुकसान करतं हा आकडा बघतो आणि मोठ्या तोफांचं यान घेतो. मग एखादं चिमुकलं, स्वस्तातलं यान त्याच्या अगदी जवळून गरागरा फिरत राहतं आणि याच्या तोफांना नेमच धरता येत नाही. तोफ मोठी असली की ती वळते हळू. लक्ष्य लहान आणि वेगवान असलं की गोळा वाया जातो. म्हणून जुने खेळाडू दोन वेगळे आकडे मानतात : कागदावरचं नुकसान आणि प्रत्यक्ष लागू पडलेलं नुकसान. आपल्याकडे औषधाबद्दल बोलतो ना, 'औषध महाग होतं, पण लागू पडलं नाही', अगदी तसं.

दुसरी गोष्ट. मोठे संघ लढाईला निघताना सर्वांत भारी यान निवडत नाहीत. आपल्या शेकडो सभासदांपैकी साधारण खेळाडूला जे परवडेल, चालवता येईल आणि फुटलं तर उद्या परत उभं करता येईल, असं यान ठरवतात. सगळे तेच घेऊन येतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मजेशीर. जानेवारी २०१४मध्ये या खेळात बी-आर५आरबी नावाच्या ठिकाणी एक प्रचंड लढाई झाली. साडेसात हजारांहून जास्त पात्रं, जवळपास एक अख्खा दिवस चाललेली झुंज, टायटन जातीची ७५ महाकाय यानं नष्ट. ही लढाई पेटली कशामुळे? त्या भागावरचा ताबा टिकवण्यासाठी ठरावीक मुदतीत भरायची रक्कम एका बाजूकडून भरली गेली नाही. ताबा सुटला, आणि शत्रू आत आला. आता सांगा, यानांच्या तुलनेच्या कोणत्या तक्त्यात 'हप्ता वेळेवर भरला का?' असा रकाना असतो?

हे तीन धडे लक्षात ठेवा : लागू पडणं, साधारण वापरणारा, आणि तक्त्याबाहेरचा रकाना. आता खऱ्या रायफलींकडे येऊ.

चरबीचा रकाना

तक्त्याबाहेरच्या रकान्याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८५०च्या दशकात कंपनीच्या फौजेत जुन्या ब्राउन बेस बंदुकीच्या जागी १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल येऊ लागली. ब्राउन बेसची नळी आतून गुळगुळीत. शंभर यार्डांच्या पलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नव्हता. एनफिल्डच्या नळीला आतून पीळ होता, त्यामुळे गोळी फिरत फिरत जायची आणि कित्येकशे यार्डांवर नेम धरता यायचा. तक्ता मांडला असता तर एनफिल्डनं प्रत्येक रकान्यात बाजी मारली असती.

पण तिचं काडतूस कागदाचं होतं, त्याला वंगण लावलेलं होतं आणि ते दातानं तोडावं लागायचं. वंगणात गाय आणि डुकराची चरबी आहे ही बातमी छावण्यांतून पसरली. २९ मार्च १८५७ला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले, १० मेला मेरठ पेटलं. उठावाची कारणं अनेक होती; खालसा केलेली राज्यं, जमीन, पगार, अपमान. पण ठिणगी पडली ती अशा जागी, जी कुठल्याही शस्त्रतज्ज्ञाच्या तक्त्यात नव्हती. शिपाई हे हत्यार तोंडाला लावायला तयार आहे का, हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

हा वणवा आपल्या चांदा जिल्ह्यापर्यंत आला. १८५८मध्ये बाबुराव शेडमाके यांनी इथल्या जंगलपट्टीत इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ला चंद्रपूरला त्यांना फाशी दिली गेली.

उठावानंतर इंग्रजांनी धडा घेतला, पण कोणता? हिंदी शिपायांसाठी त्यांनी एनफिल्डच्याच धर्तीच्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या. म्हणजे मुद्दाम कमी नेमाच्या. पुढे कितीतरी वर्षं हिंदी पलटणींच्या हातात गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागचं हत्यार असायचं. लक्षात येतंय का? इथे 'वाईट' रचना हाच हेतू होता. तुम्ही फक्त तक्ता बघून लिहिलं असतंत की 'या बंदुकीची रचना सदोष होती', तर आकडा बरोबर आणि इतिहास चूक झाला असता. रचना ज्यानं ठरवली त्याला नेमकं काय हवं होतं, हे आधी शोधायचं असतं.

गोळीचं वजन

आता विसाव्या शतकातला मोठा वाद : गोळी केवढी असावी?

१९५२मध्ये अमेरिकी लष्करासाठी नॉर्मन हिचमन यांनी एक अहवाल लिहिला. पायदळाच्या सैनिकाला हातातल्या शस्त्राकडून प्रत्यक्षात काय हवं असतं, असा त्याचा विषय. रायफल हजार यार्डांवर मारा करू शकते हे खरं, पण सैनिकाला माणूस दिसतो किती लांबून? झाडं, चढ-उतार, घरं यांमुळे बहुतेक वेळा ३०० यार्डांच्या आतच. आणि त्यापलीकडे नेमही झपाट्यानं बिघडतो. मग एवढी ताकदवान आणि जड गोळी वाहायची कशाला?

पण अहवाल एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे. इंग्लंडनं १९५१मध्ये लहान गोळीची ईएम-२ ही रायफल स्वीकारली होती. चर्चिल यांचं सरकार आलं आणि तो निर्णय फिरला. कारण अमेरिकेला मोठी गोळी हवी होती आणि नाटोच्या सगळ्या देशांची गोळी एकच असणं जास्त महत्त्वाचं ठरलं. १९५४मध्ये ७.६२ × ५१ मिमी ही गोळी नाटोची झाली. पुढे व्हिएतनामच्या काळात अमेरिकेनंच ५.५६ मिमीची लहान गोळी घेतली.

भारताचा प्रवास याच रस्त्यानं गेला, थोडा उशिरानं. १९६२च्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात मुख्यतः .३०३ ली-एनफिल्ड होती : एक गोळी झाडली की हातानं खटका ओढायचा, दहा गोळ्यांचं मॅगझिन. त्यानंतर आली ७.६२ × ५१ची १ए१, जिला सगळे एसएलआर म्हणतात. मग १९८०च्या दशकात पुण्याला पाषाणच्या एआरडीईमध्ये ५.५६ मिमीच्या इन्सासचं काम सुरू झालं आणि १९९०च्या दशकात ती फौजेत आली. २०१९मध्ये लष्करानं ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या, त्यांची गोळी परत ७.६२ × ५१. आणि २०२१मध्ये सहा लाखांहून जास्त एके-२०३चा करार झाला, जिची गोळी ७.६२ × ३९. म्हणजे मोठी गोळी, लहान गोळी, परत मोठी गोळी आणि जोडीला मधली. 'विज्ञान पुढे जातं आणि प्रत्येक रायफल आधीच्या रायफलीपेक्षा चांगली' अशी सरळ रेषा काढायची म्हटली तर इथे ती निघतच नाही.

मग बदल कशानं झाला? एक साधा हिशेब करा. एसएलआरची एक गोळी साधारण २४ ग्रॅमची, इन्सासची १२ ग्रॅमची, एकेची १६-१७ ग्रॅमची. दीडशे गोळ्या घेऊन चालायचं असेल तर पहिल्या प्रकारात ३.६ किलो, दुसऱ्यात १.८ किलो, तिसऱ्यात अडीच किलोच्या आसपास. मॅगझिन, पाणी, डबा, औषधं वेगळी. डोंगरात चढणाऱ्याला हा फरक कळतो. लहान गोळीचा धक्काही कमी, त्यामुळे नवख्याला नेम शिकवणं सोपं. उलट लांबच्या टेकडीवरच्या शत्रूला टिपायचं असेल तर मोठी गोळी बरी. प्रत्येक वेळी 'शत्रू कोण, अंतर किती, चालायचं किती' हे प्रश्न बदलले आणि उत्तर बदललं.

इथेच एका लोककथेबद्दल सावध करतो. 'इन्सासची गोळी मुद्दाम फक्त जखमी करण्यासाठी आहे, म्हणजे एका जखमीला उचलायला शत्रूचे दोन जण लागतात,' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. लहान गोळीच्या बाजूनं मांडले गेलेले मूळ मुद्दे मात्र वजन, धक्का आणि नेम हे आहेत. 'सगळेच म्हणतात' हा पुरावा नसतो. असं वाक्य प्रबंधात घालायचं असेल तर ते पहिल्यांदा कोणी, कधी, कशासाठी म्हटलं ते शोधा. कधी कधी तो शोधच एका चांगल्या प्रकरणाचा विषय होतो.

'बिघडली' म्हणजे नेमकं काय बिघडलं?

व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफली ऐन लढाईत अडकू लागल्या. सैनिक मेले. सगळीकडे एकच ओरड : रायफल वाईट आहे. अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड समितीनं १९६७मध्ये चौकशी केली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. रायफलीच्या चाचण्या एका प्रकारच्या दारूच्या काडतुसांवर झाल्या होत्या आणि नंतर काडतुसातली दारू बदलण्यात आली. गोळी बसते त्या भागाला आतून क्रोमचा थर नव्हता. आणि या रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही अशी समजूत असल्यानं सफाईचं साहित्य पुरेसं दिलंच नव्हतं. म्हणजे बिघाड होता खरेदीत, पुरवठ्यात आणि प्रशिक्षणात, आणि त्याची किंमत मोजली हातात रायफल धरणाऱ्यानं.

इन्सासबद्दलही हेच प्रश्न विचारायला हवेत. १९९९च्या कारगिल युद्धात थंडीनं तिची प्लॅस्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. २००५मध्ये कालिकोटच्या लढाईनंतर नेपाळच्या लष्करानं इन्सासवर ठपका ठेवला. भारताच्या बाजूनं उत्तर आलं की दोष वापराचा आणि देखभालीचा. आता तुम्ही संशोधक म्हणून कोणाचं ऐकाल? हरलेल्या बाजूला दोष हत्यारावर टाकायचा असतो, विकणाऱ्याला वापरणाऱ्यावर. दोघांचंही म्हणणं पुरावा आहे, पण निकाल नाही. रायफलच नव्हे, तर मॅगझिन, तेल, गोळ्यांची खेप, सरावाला मिळालेल्या गोळ्या आणि हवामान ही सगळी साखळी तपासल्याशिवाय 'रायफल बिघडली' असं लिहायचं नाही.

ही साखळी आपल्या दारातूनच जाते बरं का. इन्सासचा आराखडा पुण्याचा, घडण मुख्यतः पश्चिम बंगालमधल्या ईशापूरची, रायफलीच्या गोळ्या बनवणारे कारखाने खडकी आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचे. आणि चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला आयुध निर्माणी चांदा आहे, जिथे मोठा दारूगोळा तयार होतो. हे तिन्ही कारखाने २०२१पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. रायफलीचा इतिहास म्हणजे कामगारांच्या पाळ्यांचा, दारूच्या खेपांचा आणि तपासणीच्या शिक्क्यांचाही इतिहास आहे. त्यावर मराठीत काम करायला भरपूर जागा मोकळी आहे.

गडचिरोलीत काय लागू पडतं?

२६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, बहुतांश जंगलाचा. १९८०च्या आसपास इथे नक्षलवादी आले. १९९०मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या काळात सी-६० पथक उभं राहिलं. साठ जणांचं, म्हणून सी-६०. त्याची खरी ताकद काय होती? मुलं इथलीच होती. गोंडी-माडिया बोलणारी, नाले आणि पायवाटा ठाऊक असलेली. हा रकाना रायफलीच्या तक्त्यात कुठे लिहाल?

आता पल्ला घ्या. इन्सासचा परिणामकारक पल्ला ४०० मीटर. पावसाळ्यात भामरागड-एटापल्लीकडच्या जंगलात उभं राहा. सागाची परातीएवढी पानं, बांबूची बेटं, कमरेएवढं गवत. पन्नास पावलांवरचा माणूस दिसेल तर नशीब. तिथे ४०० मीटर हा कागदावरचा आकडा. तीच जागा, तीच रायफल, पण उन्हाळ्यात सागाची पानगळ झाल्यावर बघा. नजर लांबपर्यंत जाते आणि तो आकडा थोडाफार जिवंत होतो. म्हणजे रायफलीचा पल्ला ऋतूप्रमाणे बदलतो! खेळातल्या जुन्या खेळाडूंचं 'लागू पडलेलं नुकसान' म्हणजे हेच.

म्हणूनच २०१४-१५च्या सुमारास केंद्रीय राखीव पोलीस दलानं नक्षलग्रस्त भागासाठी इन्सासऐवजी एके मागितल्या, हे समजण्यासारखं आहे. जवळून, अचानक होणाऱ्या चकमकीत सलग गोळीबार करणारी, तीस गोळ्यांच्या मॅगझिनची, चिखलपाण्याला दाद न देणारी रायफल बरी पडते. तीन-तीन गोळ्यांचे फैर देणारी इन्सास तिथे कमी वाटते. पण यावरून 'इन्सास वाईट' असं सिद्ध होत नाही. 'या जंगलात, या कामाला ती कमी लागू पडली' एवढंच सिद्ध होतं.

आणि मग तो दिवस, जिथे हा सगळा वादच थांबतो. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. त्यांच्या हातात कोणती रायफल होती यानं तिथे काहीही फरक पडला नसता. जगातली सर्वोत्तम रायफलही रस्त्याखालच्या सुरुंगाला उत्तर नाही. त्याचं उत्तर वाट कोणती धरली, गाडी कोणती होती, माहिती कोणी आणि कधी दिली, सुरुंग शोधणारं पथक होतं का, यात शोधावं लागतं.

हा मुद्दा होस्टेलवरच्या गप्पांपुरता नाही. प्रत्येक मोठ्या घटनेनंतर 'जवानांना चांगल्या रायफली द्या' ही मागणी होते. मागणी मनापासूनची असते. पण प्रश्न चुकीचा मांडला की पैसा चुकीच्या जागी जातो. जखमीला जंगलातून दवाखान्यापर्यंत न्यायला किती वेळ लागला, हा रकाना कदाचित पल्ल्यापेक्षा जास्त जीव वाचवेल. तुमच्या प्रबंधातला प्रश्न उद्या कोणी अधिकारी वाचणार असेल, तर तो प्रश्न नीट असण्याची जबाबदारी तुमची आहे.

तक्ता लिहिला कोणी?

खेळ आणि इतिहास यांत एक मूलभूत फरक आहे. खेळात आकडा हाच निसर्गनियम असतो. कंपनीनं यानाचा वेग अमुक ठरवला, म्हणजे तो तेवढाच. शिवाय तिथे फुटलेल्या यानांच्या नोंदी जमा होतात : कधी, कुठे, कोणाकडून, आत काय सामान होतं. खऱ्या रायफलीचा आकडा मात्र कोणाचा तरी दावा असतो. कारखान्याचा, लष्कराचा, विरोधकाचा, वार्ताहराचा. आणि चकमकीची नोंद सहसा एकच बाजू करते.

गडचिरोलीतल्या जप्ती पंचनाम्यांचं उदाहरण घ्या. चकमकीनंतर सापडलेल्या हत्यारांच्या यादीत एके, इन्सास, एसएलआर, .३०३ आणि शेवटी 'भरमार' असं येतं. पहिली चार नावं पोलिसांकडेही असतातच. माओवाद्यांनी वेगवेगळ्या राज्यांत पोलिसांचीच शस्त्रं लुटली; २००४मध्ये ओडिशात कोरापूटच्या शस्त्रागारावर आणि २००८मध्ये नयागडला झालेले हल्ले हे त्यातले मोठे. ऑक्टोबर २०२५मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली, तेव्हा खाली ठेवलेल्या शस्त्रांतही एके आणि इन्सास दोन्ही होत्या. म्हणजे दोन्ही बाजूंना तीच रायफल. मग 'रायफलीमुळे कोण जिंकलं' हा प्रश्न आपोआपच गळून पडतो.

पण यादीतलं शेवटचं नाव सोडू नका. भरमार म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची गावठी बंदूक. शेताची राखण, शिकार यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेली. १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे झाले : भारतीय शस्त्र कायदा आणि भारतीय वन कायदा. एकानं बंदुकीला परवाना लागला, दुसऱ्यानं जंगलावर सरकारचा हक्क आला. जंगलात राहणाऱ्या माणसाच्या हातातलं जुनं हत्यार आणि पायाखालची जुनी वाट, दोन्ही एकदम कायद्याच्या कक्षेत आली. आज पंचनाम्यात 'भरमार, एक नग' असं लिहिलेलं वाचताना थांबा आणि विचारा : ही बंदूक लढणाऱ्याची होती, की रानडुकरांपासून धान राखणाऱ्याची? यादी तेवढं सांगत नाही. ते गावात बसून, तिथल्या भाषेत, घाई न करता विचारावं लागतं. आणि सांगणाऱ्याचं नाव कागदावर आल्यानं त्याला त्रास होणार असेल तर ते नाव कागदावर येता कामा नये. खेळात पात्र मेलं तर नवं शरीर मिळतं. इथे तसं नसतं.

आता तुमचा प्रश्न

आराखडा लिहायला बसाल तेव्हा ही उजळणी करा :

• तुलनेचं एकक काय? नुसती वस्तू, की वस्तू, माणूस, पुरवठा आणि जागा मिळून झालेली व्यवस्था?
• आकडा कुठे मोजला? चाचणीच्या मैदानावर, की वापराच्या जागी आणि त्या ऋतूत?
• आकडा कोणी लिहिला आणि त्याला काय सिद्ध करायचं होतं?
• साधारण वापरणारा कोण? त्याचं प्रशिक्षण किती, आणि ओझं किती?
• अशी एखादी घटना आहे का, जिथे तुमचा रकाना पूर्णपणे निरुपयोगी ठरला? ती आधी वाचा.

आता मूळ प्रश्न बदलून बघा. 'इन्सास आणि एके : तुलनात्मक अभ्यास' हा विषय नेलात तर मार्गदर्शक तो बाजूला ठेवतील, आणि बरोबरच करतील. त्याऐवजी असं लिहा : '१९९० ते २०१५ या काळात गडचिरोली जिल्ह्यात पोलीस पथकांच्या शस्त्रनिवडीवर भूभाग, पुरवठा आणि स्थानिक भरती यांचा झालेला परिणाम'. किंवा : '१८७८नंतर चांदा जिल्ह्यात शेतीरक्षणाच्या बंदुकांचे परवाने आणि वनहक्क'. काळ ठरला, जागा ठरली, माणसं आली, आणि कोणत्या दप्तरात जायचं तेही ठरलं : अभिलेखागारातले जुने जिल्हा कागद, संसदेतली प्रश्नोत्तरं, लेखापरीक्षणाचे अहवाल, पंचनामे, आणि गावातली माणसं.

सराव म्हणून या आठवड्यात एक काम करा. हत्यारच हवं असं नाही. तुमच्या गावातली कोणतीही एक वस्तू घ्या : धानाची मळणी करणारं यंत्र, तेंदूपत्ता बांधायची दोरी, एसटीची जुनी गाडी. तिच्या आधीच्या वस्तूशी तुलना करणारा तक्ता मांडा, दहा रकाने भरा. मग ती वस्तू रोज हाताळणाऱ्या माणसाकडे तो तक्ता घेऊन जा आणि विचारा, 'यात काय राहिलं?' तो जे सांगेल, तो अकरावा रकाना. बहुतेक वेळा तुमचा प्रबंध तिथूनच सुरू होतो.